पायरीवर ठेवलेलं दही

वहिनींची केमो होऊन आठवडा झाला असेल-नसेल, तेव्हा मी त्यांच्यासाठी घरी लावलेलं दही घेऊन गेलो. ही माझी चूक. ते दही कुणी मागितलं नव्हतं, आणा असं कुणी सुचवलंही नव्हतं. कल्पना सर्वस्वी माझी, आणि ती सुचल्याबद्दल मी स्वतःवर इतका खूश होतो की नाशिकमधल्या द्वारकेच्या सिग्नलला उभा असताना स्कूटरवर पायापाशी ठेवलेल्या डब्याचं झाकण मी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. ज्या बाईनं सगळी हयात दह्यातल्या जंतूंचा अभ्यास करण्यात घालवली, ती आजारी असताना तिला दही न्यावं हे सुचणारा मी एकटाच दीर, अशा थाटात मी इंदिरानगरला त्यांच्या दाराची बेल वाजवली. दार वहिनींनीच उघडलं. तोंडाला मास्क, डोक्याला सुती रुमाल, अंगातला गाऊन दोन मापं मोठा झालेला. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय आहे त्यात?"

"दही. घरचं. काय घट्ट लागलंय म्हणून सांगू!"

"भाऊजी, डबा तिथंच जिन्याच्या पायरीवर ठेवा. तुम्ही आत या, साबणानं हात धुवा. दही आत येणार नाही."

मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. पंख्याखाली बसून त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं, कॉलेजात नापास होणाऱ्या मुलाला सांगावं तसं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या आहेत. डॉक्टरांनी जिवंत काही पोटात जाऊ द्यायचं नाही असं सांगितलंय. कच्ची कोशिंबीर नको, घरात फुलं नकोत, दही नको. मी म्हटलं, "पण वहिनी, हे तर तुमचे चांगले जंतू ना?" त्या म्हणाल्या, "आतड्यात आहेत तोवर चांगले. केमोनं आतड्याचं अस्तर सोललं गेलंय. तिथून ते रक्तात शिरले आणि त्यांना आवरायला कुणी नसलं, तर चांगले काय आणि वाईट काय..." निघताना पाहिलं तर पायरीवर डब्याचं झाकण बाजूला पडलेलं आणि शेजारच्यांची मांजर मिशा चाटत बसलेली. दारातून वहिनी म्हणाल्या, "खाऊ दे तिला. तिच्या पांढऱ्या पेशी उत्तम असणार."

त्या शैलजावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, दीड महिन्यापूर्वी गेल्या. आता लिहायला बसलो तर पहिल्यांदा तो डबाच आठवला, त्याला माझा इलाज नाही.

वहिनी मूळच्या नांदगावच्या. वडिलांचं तिथल्या बाजारपेठेत धान्याचं दुकान होतं. शिकायला म्हणून नाशिकला आल्या त्या इथल्याच झाल्या. पुढे एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागल्या. दादासाठी त्यांना बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून आमच्या आईनं विचारलं होतं, "शिकवता म्हणजे काय शिकवता?" त्या म्हणाल्या, "जंतू." आईला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. ती म्हणाली, "असं होय. कसे मारायचे ते शिकवत असाल." "नाही," वहिनी म्हणाल्या, "कसे वाढवायचे ते." आईनं बशी हळूच खाली ठेवली. परत येताना गाडीत ती एवढंच बोलली, "मुलगी चांगली आहे, पण मोरीकडे लक्ष ठेवावं लागेल." दादा, जो पाटबंधारे खात्यात अभियंता होता आणि ज्याला दिवसभरात चार वाक्यांच्या पलीकडे बोलायची सवय नव्हती, तो मागच्या सीटवरून म्हणाला, "मला पसंत आहे." त्या दिवसाची त्याची वाक्यं तिथं संपली.

मी तेव्हा त्यांच्याच घरात राहायचो. लग्न व्हायचं होतं, धंदा नुकता सुरू केलेला, आणि भूक दांडगी. वहिनी त्या काळात पीएचडी करत होत्या. विषय होता नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील. सुरगाणा-पेठच्या डोंगराळ भागात नागलीचं पीठ आंबवून जी आंबील करतात, तिच्यात कोणते जंतू वाढतात आणि ते पोटात जाऊन काय करतात, हे त्यांना बघायचं होतं. घरच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात त्यांच्या बाटल्या ओळीनं उभ्या असत. कॉलेजातला फ्रिज बिघडला की त्या बाटल्या घरी यायच्या, आणि कॉलेजातला फ्रिज कायम बिघडलेलाच असायचा. एकदा उन्हातून भर दुपारी घरी आलो, फ्रिज उघडला, आणि समोरची बाटली तोंडाला लावून रिकामी केली. वहिनी संध्याकाळी आल्या, कप्प्यासमोर उकिडव्या बसल्या, आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

"भाऊजी, इथली डावीकडची बाटली?"

"मी प्यायलो. जरा बेचवच होती."

"बेचव असणारच. तो माझा कंट्रोल होता."

मी पोटावर हात ठेवला. "म्हणजे... विषारी?"

"विषारी असती तर परवडलं असतं," त्या म्हणाल्या. मग कंट्रोल म्हणजे काय ते सांगितलं. ज्यात जंतू घातलेले नाहीत अशी बाटली ठेवायचीच असते, कारण ती नसेल तर बाकीच्या बाटल्यांत जे झालं ते जंतूंमुळं झालं की आपोआप झालं हे सांगता येत नाही. एका आठवड्याचं काम मी एका दमात पिऊन टाकलं होतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पुढचे काही दिवस मात्र रोज सकाळी चहा देताना विचारायच्या, "पोट कसं आहे भाऊजी?" मला भरून यायचं. एवढं नुकसान केलं तरी वहिनी माझ्या तब्येतीची काळजी करतायत! दादानं एकदा पेपरातून डोकं न काढता सांगितलं, "काळजी नाही करत. माहिती घेतेय."

माझा धंदा वॉटरप्रूफिंगचा. द्वारकेजवळ एक गाळा आहे, त्यावर माझ्या नावाचा बोर्ड आहे, आणि नाशिकातल्या गळक्या गच्च्यांवर माझा संसार उभा राहिला. वहिनींचा विषय मला पहिल्यांदा कळला तो या धंद्यामुळं. त्या प्रयोगांसाठी अधूनमधून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जात. एकदा त्यांना स्टँडवर सोडताना मी विचारलं, "तिकडे जाऊन नेमकं करता काय?" त्या म्हणाल्या, "तुमचंच काम करते. गळती बघते." आणि मग बस येईपर्यंत मला आतडं समजावलं. आतड्याचं आतलं अस्तर एका पेशीच्या जाडीचं असतं. पेशीला पेशी लागून, आणि दोन पेशींच्या मध्ये सांधा. तो सांधा घट्ट असला की हवं तेवढंच शरीरात जातं आणि नको ते बाहेरच्या बाहेर निघून जातं. काही वाईट जंतूंची विषं, बुरशी आलेल्या धान्यातली विषं, हा सांधा सैल करतात. मग नको ते आत झिरपायला लागतं. पुण्याला त्या एका छोट्या बशीत आतड्याच्या पेशींचा असाच थर वाढवायच्या, वरून विष घालायचं, आणि खाली किती उतरतंय ते मोजायचं. मग तेच पुन्हा, आंबिलीतले जंतू सोबत घालून.

"म्हणजे तुमचे जंतू सांधे भरतात!" मी म्हटलं. मला माझी माणसं भेटल्यासारखं झालं होतं.

"त्यांना गवंडी समजू नका. काही नुसते जागा अडवून बसतात, त्यामुळं वाईटांना टेकायला जागा राहत नाही. काही आम्ल सोडतात. आपल्याला जो चोथा पचत नाही, कांद्यातला, लसणातला, नागलीतला, तो ते खातात आणि त्यातून जे तयार करतात त्यावर अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. आणि हो, काही जंतू सोबत असले की विषामुळं होणारी गळती कमी झालेली दिसते."

"म्हणजे गळती थांबते."

"कमी झालेली दिसते."

"तेच ते."

"तेच नाही ते, भाऊजी. तुम्ही गिऱ्हाइकाला दहा वर्षांची गॅरंटी लिहून देता आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा फोन उचलत नाही. मला तसं करता येत नाही."

बस आली म्हणून मी वाचलो. पण तेव्हापासून एक झालं, मी वहिनींचा स्वयंघोषित प्रचारक बनलो. गच्ची बघायला गेलो की घरमालकाला आधी आतड्याबद्दल सांगायचो. जंतूच आणून पोटात सोडायचे ते प्रोबायोटिक, आणि आहेत त्या जंतूंना जेवायला घालायचं ते प्रीबायोटिक, हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं असेल की काहींनी केवळ ते थांबावं म्हणून काम दिलं. याचा कळस झाला तो इंदिरानगरच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात. वहिनी तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं व्याख्यान मीच ठरवलं आणि वक्त्यांचा परिचय करून द्यायचा मानही स्वतःकडेच घेतला. माइक हातात आल्यावर मला नेहमी काहीतरी होतं. मी म्हणालो, "आजच्या आपल्या वक्त्यांनी हे सिद्ध केलेलं आहे, की रोज वाटीभर दही खाल्लं की शरीरातलं सगळं विष नाहीसं होतं!" टाळ्या पडल्या. वहिनी उठल्या, माइक स्वतःच्या उंचीला आणला आणि म्हणाल्या, "माझ्या दिरांनी जे सिद्ध केलंय, ते मी अजून केलेलं नाही."

मग तासभर त्यांनी लोकांच्या डोक्यातलं एकेक काढलं. प्रत्येक दही म्हणजे प्रोबायोटिक नव्हे. जंतू कोणता, किती, पोटातल्या आम्लातून जिवंत पुढे पोचतो का, यावर सगळं आहे. बशीत दिसलं ते माणसात दिसेलच असं नाही. लोक हळूहळू उदास व्हायला लागले. पहिल्या रांगेतले एक काठीवाले आजोबा शेवटी वैतागून म्हणाले, "अहो मॅडम, मग खायचं की नाही दही, तेवढं सांगा ना!" वहिनी हसल्या. "खा हो आजोबा, भरपूर खा. आवडतं म्हणून खा. औषध म्हणून खाऊ नका." चहापानाच्या वेळी मंडळाच्या अध्यक्षांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तुमच्या वहिनी नक्की प्रचाराला आल्या होत्या की विरोधात?"

आजार कळला तो त्यानंतर दोन वर्षांनी. बीजाशयाचा कॅन्सर, आणि कळला तेव्हा पसरलेला. वहिनींनी मला फोनवर हे सांगितलं ते कॉलेजातल्या मीटिंगची वेळ कळवावी अशा आवाजात. आधी केमो, मग जमलं तर शस्त्रक्रिया, मग परत केमो. "प्रश्न एवढाच आहे," त्या म्हणाल्या, "की दर डोसच्या आधी माझं पोट आणि रक्त सावरायला हवं. सावरलं तर डोस मिळणार. नाही सावरलं तर पुढं ढकलणार. फार ढकलावं लागलं तर आजार पुढं जाणार." केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं, आणि आतड्याचं अस्तर तर दर थोड्या दिवसांनी नवं होत असतं, म्हणजे ते तडाख्यात सापडणारच. पहिल्या डोसनंतर तोंडात फोड आले. नंतर जुलाब. वजन उतरायला लागलं. पाण्याचा घोटसुद्धा त्या डोळे मिटून घ्यायच्या. एकदा मी सोबत बसलो असताना म्हणाल्या, "गंमत बघा भाऊजी. इतकी वर्षं बशीत विष ओतून बघत बसले. आता बशी मीच."

मी पंख्याचा वेग कमी-जास्त करत बसलो.

दादा मात्र असा हातावर हात ठेवून बसणारा नव्हता. एके संध्याकाळी मी गेलो तर टेबलावर औषधाच्या दुकानातल्या पिशवीतून काढलेल्या प्रोबायोटिकच्या कॅप्सूलची पाकिटं मांडून ठेवलेली. वेगवेगळ्या कंपन्यांची. दादानं प्रत्येकावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली होती. वहिनी समोर खुर्चीत, शाल गुंडाळून.

"शैला, घे यातली कुठली तरी. तू निवड."

"अहो, नको म्हटलं ना."

"तूच सांगायचीस, सांधे घट्ट होतात म्हणून."

"बशीत."

"बशीत होतं ते माणसात का नाही होणार?"

"होईलही. केमोतल्या रुग्णांना देऊन बघितलंय लोकांनी. कुठं बरं वाटलेलं दिसतं, कुठं नाही. पण मला आत्ता, या आठवड्यात, नको. भिंत सोललेली, आत राखायला कुणी नाही, आणि तुम्ही म्हणताय जिवंत जंतू सोड."

"मग इतकी वर्षं केलंस ते कशासाठी?" दादाचा आवाज चढला. मी त्याच्या तोंडून असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. शेजारच्या घरातला टीव्ही कुणीतरी बारीक केला.

वहिनींनी शाल खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "कधी द्यायचं नाही, ते कळायला..."

दादा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि अशा वेळी ते काम मी नेहमी स्वतःकडे घेतो. मी म्हटलं, "अर्धी कॅप्सूल?" दोघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्या दोघांचं एकमत झालं ते तेवढ्यावरच.

मग वहिनींनीच तोड काढली. "नवे पाहुणे नकोत आत्ता. घरात जे उरलेत त्यांना जेवू घाला, तेवढं पुरे." म्हणजे प्रोबायोटिक नको, पण जंतूंना खायला मिळेल असं काही पोटाला झेपेल तेवढं, नीट उकळलेलं, चालेल. आहार सांगणाऱ्या बाईंना फोन करून विचारलं. त्यांनी कांदा-लसूण सध्या नाही म्हणून सांगितलं, पण नागलीची पेज, पातळ, गाळून, थोडी थोडी द्यायला हरकत नाही म्हणाल्या. ते खातं मी मागून घेतलं. पेठ रोडवरून नागली आणली, दळून आणली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात गॅससमोर उभा राहिलो. पहिली पेज अशी झाली की डाव तिच्यात सरळ उभा राहिला. वहिनींनी वाटी तिरकी केली, पेज हलली नाही. "भाऊजी, ही प्यायची की गच्चीवर ओतायची?" दुसऱ्या दिवशी गुठळ्या. तिसऱ्या दिवशी गाळायला म्हणून जी गाळणी घेतली ती चहाची निघाली, आणि वहिनींना त्या दिवशी नागलीचा मसाला चहा मिळाला. पण आठवड्याभरात मला जमायला लागलं. सकाळी साइटवर जायच्या आधी मी इंदिरानगरला जाऊन पेज करून यायचो. वहिनी एकेक चमचा घ्यायच्या, प्रत्येक चमच्यानंतर थांबायच्या, फोड दुखायचे. वाटी संपली की दादा ती उचलून आत न्यायचा आणि आतून येताना मला मान हलवून सांगायचा, संपली. जणू मला दिसत नव्हतं.

डोस वेळेवर मिळाला. त्याच्या पुढचाही मिळाला. मध्ये एकदा रक्ताचा अहवाल चांगला आला. मीच त्यांना आणि दादाला गाडीतून डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. डॉक्टर तरुण होते, त्यांना वहिनींचा विषय माहीत होता. अहवाल बघून म्हणाले, "मॅडम, काउंट छान वर आलेत. काही विचारायचंय?" मला आणि दादाला वाटलं, आता त्या जंतूचं काही लांबलचक लॅटिन नाव घेऊन विचारतील, अमुक घेऊ का, तमुक घेऊ का. दादा पुढं सरकून बसला.

वहिनी म्हणाल्या, "दहीभात खाऊ का?"

डॉक्टरांनी परत एकदा आकडे पाहिले. "पिशवीतल्या दुधाचं, ताजं, थंड ठेवलेलं असेल तर खा. आज, उद्या, परवा. पुढचा डोस झाला की परत बंद."

परत येताना गाडी मी अशा वेगानं चालवत होतो की दादानं दांडी धरली. वाटेत एका दुकानासमोर गाडी उभी करून मी आत धावलो, फ्रिजमधून दह्याचा डबा उचलला आणि बाहेर आलो. घरी आल्यावर दादानं भात शिजवला, मऊ, पाणी जास्त घालून. निववला. वहिनी ताट घेऊन बसल्या. मी डबा उघडला. आत गुलाबी होतं. स्ट्रॉबेरी.

वहिनींनी डब्यात वाकून पाहिलं. "नांदगावपासून पुण्यापर्यंत शिकले मी, भाऊजी, पण गुलाबी दहीभात अजून बघितला नाही."

दादा उठला. त्याचा गुडघा दुखायचा, लिफ्ट नेमकी तेवढ्यात बंद पडली होती, तरी तो जिन्यानं खाली गेला आणि साधं दही घेऊन वर आला. वहिनींनी भातात दही घातलं, थोडं दूध, मीठ. फोडणी नाही, मिरची नाही. हातानं कालवलं. पहिला घास तोंडात घालून त्या तशाच बसून राहिल्या, गिळायची घाई नाही... दादा पाणी भरलेला तांब्या हातात धरून उभा होता.

"कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

"आंबट आहे. छान."

"नाही, म्हणजे पोटाला..."

"अहो, छान लागतंय. मला एवढंच सांगता येईल."

त्यांनी ताट बोटानं पुसून खाल्लं. नांदगावच्या दुकानदाराच्या घरात असंच शिकवत असणार. मी तिथं होतो आणि काही बोललो नाही, याला दादा साक्षीदार आहे.

पुढं मला फार सांगता येत नाही, कारण फार काही सांगण्यासारखं झालं नाही. शस्त्रक्रिया झाली. उरलेले डोस झाले. एकही पुढं ढकलावा लागला नाही. वहिनींचं पोट टिकलं. पेजेमुळं टिकलं, डॉक्टरांच्या औषधांमुळं टिकलं, की त्या मुळातच चिवट होत्या म्हणून, मला माहीत नाही. पोट टिकलं, पण आजारानं औषधाला दाद दिली नाही. तो परत आला. तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्या औषधांचं नाव काढलं, वहिनींनी त्या औषधांचं सगळं वाचलं आणि "आता नको" म्हणाल्या. त्या शेवटच्या थंडीत वहिनी घरीच होत्या. मी कॉलेज रोडवरच्या एका गच्चीवर उभा असताना दुपारी दादाचा फोन आला. "गेली," तो म्हणाला. मी म्हटलं, "निघालो." एवढंच.

नंतर माणसं भेटायला येत राहिली. नांदगावहून वहिनींची म्हातारी मावशी आली, नातवाच्या आधारानं. तिचं सगळ्यांवर प्रेम, आणि मनात येईल ते बोलायची सवय. भिंतीला टेकून बसली, डोळ्याला पदर लावला, आणि म्हणाली, "येवढी जंतूंची मास्तरीण, लय शिकली पोर. अन् सोताचं पोट नाय राखता आलं व्हय तिला?" मला ते झोंबलं. मी पुढं सरसावलो. म्हटलं, मावशी, आजार पोटाचा नव्हता, तो वेगळा, आणि आतड्याचं अस्तर म्हणजे कसं असतं... मी उशी उभी करून भिंत केली, तिच्यावर चादर पांघरून अस्तर केलं, जंतू म्हणून खारे शेंगदाणे घेतले. बराच वेळ बोललो असेन. बघतो तर मावशीचा डोळा लागलेला, आणि नातू माझे जंतू खात होता. दादा सगळं ऐकत बसला होता. मावशी जागी झाली तेव्हा तो तिच्याजवळ गेला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "पोट तिनं शेवटपर्यंत राखलं, मावशी." मावशीनं मान डोलावली. तिला पटलं.

गेल्या रविवारी सकाळी मी इंदिरानगरला गेलो. दार दादानंच उघडलं आणि परत पेपर वाचायला बसला. मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो. दादानं केमोच्या काळात, ते दहीभाताचे दिवस सोडले तर, घरात दही येऊ दिलं नव्हतं, स्वतःही खाल्लं नव्हतं, आणि वहिनी गेल्यावरही त्याच्या पानात मी दही पाहिलं नव्हतं. विचारायचं धाडस केलं नाही. साखरेचा डबा शोधताना मिक्सरच्या मागे, ओट्याच्या टोकाला, जिथं पश्चिमेची भिंत आदल्या दिवशीच्या उन्हानं रात्रीपर्यंत कोमट राहते, तिथं एक पातेलं दिसलं. त्यावर ताटली, ताटलीवर चौपदरी रुमाल, आणि रुमालाची टोकं पातेल्याखाली खोचलेली, वहिनी खोचायच्या तशी. मी सगळं काढून पाहिलं. दही लागलेलं होतं. नुकतंच. बोटानं हळूच दाबलं तर थरथरत होतं.

मला राहवलं नाही. पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर न्यायला वळलो, तर दादा दारातच उभा.

"दादा... हे वहिनींचं विरजण? तू जपून ठेवलंस?"

"कुठलं. तिचं केव्हाच संपलं. कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणलंय काल."

"पण मग ही जागा, हा रुमाल..."

"दही इथंच नीट लागतं. दुसरीकडे पातळ होतं. तिनं घरात सगळीकडे ठेवून बघितलं होतं."

मी पातेल्याकडे पाहिलं. डोळे भरून आले, नाकातून पाणी यायला लागलं, आणि दोन्ही हात पातेल्यात गुंतलेले असल्यामुळं पुसायची सोय नव्हती. दादा माझ्याकडे बघत राहिला.

"भांडं खाली ठेव आधी," तो म्हणाला. "आणि रडायचं असेल तर बाहेरच्या खोलीत जाऊन रड. दह्याला पाणी सुटेल."